सोडा फॅक्टरीतला सूर्य

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा झाला तर कोणावर ठेवावा? तुमचा मित्र ज्याच्या घरी जेवतो त्याच्यावर, की ज्याच्या शेडमध्ये झोपतो त्याच्यावर? महाडच्या बाजारात हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला. लोक हसतात आणि चहा मागवतात. उत्तर कोणी देत नाही.

माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. नवा हंडा नेताना गिऱ्हाईक जुनी भांडी मोडीत टाकून जातं. आज एक चेपलेली कळशी, उद्या एक कान तुटलेली परात. लक्षातही येत नाही, आणि एके दिवशी बघावं तर कोपऱ्यात ढीग छताला टेकलेला. किश्श्यांचंही तसंच होतं बघा. वसंताचे किस्से असेच साठले. सगळे थोडेफार चेपलेले, पण वजनाला भरपूर.

वसंता उमरठचा. शाळेसाठी तो महाडला आमच्या घरी राहिला. आम्ही एका बाकावर बसलो, एका ताटात जेवलो. पुढं तो शिकत गेला आणि मी दुकानात बसलो. त्यानं विलायतेत जाऊन पदार्थविज्ञानात डॉक्टरकी मिळवली. मी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या बिलांवरून इंग्रजी शिकलो. दोघांचंही बरं चाललं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. वसंताचे वडील उमरठला अंथरुणाला खिळले. हा एकुलता एक. मुंबईच्या संस्थेनं त्याला रजा दिली आणि प्रयोग बंद पडू नये म्हणून एक मशीन उसनं दिलं, ऑसिलोस्कोप. विजेची नाडी हिरव्या पडद्यावर रेघ काढून दाखवतं ते. अट एकच होती. त्याचे मोठे सर येऊन काम बघणार. दम दिसला तर मशीन राहील. नाही तर मशीन मुंबईला, आणि त्याच्यामागोमाग वडलांना घेऊन वसंताही.

तेव्हा माझ्यापुढं प्रश्न एवढाच होता: वसंता राहतो की जातो. सोडावाल्या दामूपुढंही तोच प्रश्न होता. आणि त्याच्यापुढंही तोच होता, हेच मला सहन होत नव्हतं.

* * *

दामू तुडीलचा. बाजाराच्या टोकाला त्याची सोडा-लेमनची फॅक्टरी. फॅक्टरी म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक पत्र्याची शेड. वसंताची आणि त्याची ओळख माझ्याच दुकानात झाली. मीच करून दिली. याचा मला आजवर पश्चात्ताप होतो.

उमरठला एसटीनं जाऊन-येऊन वडलांचं बघता येत होतं, पण प्रयोगाला महाडात जागा हवी होती. मी माझं गोडाऊन उघडून दाखवलं. जाड भिंती, कोरडी जमीन, दाराला पितळी कुलूप. वसंता सगळीकडं फिरला, वर बघितलं, खाली बघितलं, खूश दिसला. मग म्हणाला, "अप्पा, वीज कुठून घ्यायची?"

मी म्हणालो, "कंदील आहे की."

दामूच्या शेडमध्ये सोडा मशीनच्या मोटारीसाठी कनेक्शन होतं. त्या एका मीटरवर त्यानं मला मागं टाकलं. मी दुसऱ्याच दिवशी गोडाऊनसाठी अर्ज केला. कनेक्शन आलं तोवर दामूच्या शेडमध्ये सगळं मांडून झालं होतं, आणि वसंतानं जेवायचं माझ्याकडं, झोपायचं तिकडं, हेही ठरून गेलं होतं. त्या गोडाऊनमधला दिवा मी आजही लावत नाही.

* * *

आता प्रयोग काय होता ते सांगतो. मला जेवढा कळला तेवढा.

मांडीएवढी जाड काचेची नळी. पंपानं आतली हवा काढायची आणि एक चिमूटभर वायू सोडायचा. आत तांब्याचे दोन लांब दांडे, शेजारी शेजारी. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेले लढाईच्या वेळचे कपॅसिटर. त्यांना आम्ही विजेचे रांजण म्हणायचो. रांजण भरायचे आणि बटण दाबून सगळी वीज एका दमात दांड्यांत सोडायची. धाडकन बार व्हायचा आणि नळीत जांभळा उजेड पेटायचा. तो पेटलेला वायू म्हणजे प्लाझ्मा.

दांड्यांभोवती चुंबकाच्या रेषा असतात. दोन्हीकडच्या रेषा मधोमध समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींशी नव्यानं जुळतात. त्या जुळण्यात ताकद सुटते. सूर्यावर मोठाले स्फोट होतात ते असेच, असं वसंता म्हणायचा. तिथं कोणाला जाता येत नाही, म्हणून त्यानं तेवढा सूर्य महाडला करायचं ठरवलं.

दांड्यांचं तांबं माझं. चांगलं, चोख, दुकानातलं पहिल्या प्रतीचं. मला वाटलं, आता निदान यावर तरी दामूचं काही चालणार नाही.

नळीच्या तोंडाशी हवा शिरत होती. वसंता हैराण झाला. दामूनं गोळीच्या सोडा बाटलीच्या गळ्यात असते ती रबरी रिंग काढली आणि म्हणाला, "डाक्टर, ही लावून बघा. आमचा ग्यास बाह्यर जात नाय, तर तुमची हवा आत कशी येल?"

रिंग चपखल बसली. पंपाचा काटा खाली गेला. वसंतानं दामूला मिठी मारली.

माझं दहा शेर तांबं शेजारी उभं होतं. त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही.

* * *

त्यात दामू एकदा सहज बोलून गेला, "शेटचे दांडे काळे पडल्याले दिसतात. मोडीतलं तांबं असंल."

हे मी ऐकून घेणार? आमच्या धंद्यात तांब्याचं भांडं कोणाला मानानं द्यायचं तर कल्हई करून द्यायची रीत. मी दांडे दुकानात आणले, कल्हईवाल्याला बसवला आणि असे चकचकीत करून घेतले की वसंताला त्यात दाढी करता आली असती. स्वतःच्या हातानं नेऊन परत बसवले.

त्यानंतर पंपाचा काटा काही केल्या खाली जाईना. वसंतानं रिंग बदलली. दामूनं दुसरी दिली, तिसरी दिली. मी सगळ्या बाजारात सांगत सुटलो की दामूचं रबर सडकं निघालं. त्या आठवड्यात माझं जेवण दुप्पट झालं होतं, असं बायको सांगते.

शेवटी वसंतानं नळी उघडली, दांड्याला नाक लावलं आणि माझ्याकडं बघितलं. "अप्पा, याला नवसागर लावलाय का?"

"कल्हई नवसागराशिवाय होते का कुठं?" मी अभिमानानं म्हणालो.

तोच नवसागर पोकळीत वाफ होऊन निघत होता. सगळी कल्हई खरवडून काढावी लागली. ती खरवडायला दामू स्वतः बसला. नुसता खरवडत होता, आणि मधूनमधून दांडा उजेडात धरून माझ्याकडं बघत होता. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

पोलादपूरच्या शाळेत वसंताचं भाषण ठरलं. खेड्यातल्या माणसाला रेषांचं तुटणं-जुळणं कसं समजावायचं याची त्याला काळजी. मी त्याला दुकानातली सुतळी दाखवली. दोन सुतळ्या ताणून समोरासमोर धरायच्या, मधोमध कापायच्या, आणि वरच्या टोकाला वरचं, खालच्या टोकाला खालचं बांधायचं. ताण सुटला की गाठ सणकन मागं ओढली जाते. तीच ती ताकद. वसंता म्हणाला, "वा अप्पा, छान." मी नवं बंडल फोडून खिशात घातलं आणि शाळेत पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

वसंता उभा राहिला आणि म्हणाला, "आमचे दामूशेट याला फार चांगला दाखला देतात."

दाखला असा: दोन घरी दोन सोयरिकी ठरलेल्या. दोन्ही मोडल्या. इकडचा मुलगा तिकडच्या मुलीशी जुळला, तिकडचा इकडच्या मुलीशी. आणि हे होताना मांडवात जी गरमागरमी होते, ती एनर्जी.

सगळी शाळा हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या खिशात सुतळीचं बंडल होतं, ते मी वरून दाबून धरलं.

शेवटी उमरठचा एक म्हातारा उठला. म्हणाला, "वसंता, सूर्य कर बाबा, चांगलंच हाय. पर आपल्या उमरठला येक दिवा कधी लागल, त्ये आदी सांग."

यावर कोणी हसलं नाही. परतताना एसटीत वसंतानं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "अप्पा, आजचं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या आजोबांचं."

म्हणजे माझी सुतळी तिसऱ्या नंबरावर गेली.

* * *

बटण दाबायचं काम दामूकडं होतं. शेड त्याची, बटण त्याचं. माझ्याकडं काठी.

काठी म्हणजे लांब लाकडी दांडा, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड तार आणि तार जमिनीत पुरलेली. बार झाल्यावरही रांजणात वीज उरते. ती आकडा टेकवून उतरवल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही. चुकून हात लागला तर माणूस जागेवर संपला. तेव्हा दर बारानंतर मी पुढं व्हायचं, एकेका रांजणाला आकडा टेकवायचा आणि "उतरली" म्हणायचं. मी "उतरली" म्हटलं की वसंता न बघता आत हात घालायचा.

हे मी घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "दामूभावजी बटण दाबतात आणि तुम्ही काठी धरता? गुरं वळायला ठेवलंय का तुम्हाला?"

मला ते लागलं. मी वसंताला सरळ विचारलं. तो तारा जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "अरे, बटण कोणीही दाबेल."

मी आनंदानं घरी येऊन बायकोला हे वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला का नाही देत?"

* * *

सावित्रीचं पाणी बाजारात शिरणं महाडकरांना नवं नाही. त्या श्रावणात शिरलं तेव्हा दामूची फॅक्टरी सखल भागात आणि माझं घर चढावर. वसंतानं आणि मी मशीन डोक्यावर घेऊन माझ्या माळ्यावर चढवलं. वसंताही तिथंच झोपला. पाणी उतरेपर्यंत मशीन माझं, वसंता माझा, आणि दामू पलीकडच्या गल्लीत अडकलेला.

रात्रीच्या जेवणाला वसंतानं तीनदा भात घेतला. एवढा सुखाचा पूर मी पाहिला नाही.

सकाळी खाली हाक आली. बघतो तर दामू चढाच्या पायथ्याशी कमरेएवढ्या पाण्यात उभा, डोक्यावर दोन लेमनच्या बाटल्या धरलेला. "शेट," तो म्हणाला, "डाक्टरला पाणी प्याला नसंल म्हणून आणल्या."

माझ्या घरी पाणी नव्हतं का? पण वसंता त्या दोन्ही बाटल्या प्याला.

* * *

पुढं मी ठरवलं की काठी पुरे, आता बटण.

व्यापाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, म्हणजे भवानी. भवानी चांगली झाली की दिवस चांगला. तिला उधारी नाही, तिला नाही म्हणायचं नाही, आलेला पैसा कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचा. माझ्या हाताला यश आहे हे सगळा बाजार मानतो. शेजारचा कापडवाला नवं दुकान उघडताना मला पहिलं गिऱ्हाईक म्हणून घेऊन गेला होता.

मी वसंताला म्हणालो, "दिवसभर दामू दाबू दे. पण सकाळचा पहिला बार माझ्या हातानं होऊ दे. मग बघ तुझ्या रेषा कशा जुळतात."

वसंतानं माझ्याकडं बघितलं, दामूकडं बघितलं, आणि म्हणाला, "ठीक आहे. पहिला बार तुझा."

दामूचं तोंड उतरलं. मी रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून शेडमध्ये जायचो, पहिला बार टाकायचो, काठीनं वीज उतरवायचो आणि ताठ मानेनं दुकान उघडायला यायचो. पुढची काठी वसंता स्वतः धरायचा. सगळं मनासारखं चाललं होतं. एकच खटकायचं. दामू आठवड्याभरातच शांत झाला. एवढंच नाही, मी बटणाजवळ गेलो की तो आदबीनं बाजूला सरकायचा.

एका सकाळी दुकानाला सुट्टी होती म्हणून मी थांबलो. पहिला बार टाकला. पडद्यावर रेघ उमटली, वसंतानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"अरे, बघ की," मी म्हणालो.

"पहिला धरत नाही आपण," वसंता म्हणाला. "रात्रभर काचेला ओल धरते, घाण बसते. पहिल्या बारात ती उडून जाते. खरी मोजणी दुसऱ्यापासून."

मी दामूकडं वळलो. तो बाटल्या विसळत होता.

"तुला माहीत होतं?"

"म्हाईत हाय की," दामू म्हणाला. "पर शेट, तुमच्या हाताला यश हाय ह्ये खरं. नळी काय लख्ख निघते!"

* * *

पावसाळा सरला आणि मोठे सर आले. जीपमधून उतरले ते उंच, पांढरे केस, बोलणं कमी. जीपच्या मागं एक मोकळी लाकडी पेटी होती, आत पेंढा पसरलेला. मशीनच्या मापाची.

दामू माझ्या कानाशी आला. "शेट, पेटी बघितलीत?"

"बघितली."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

सर खुर्चीवर बसले. वसंतानं रांजण भरले आणि म्हणाला, "चला, पहिला बार."

मी म्हणालो, "दामूशेट, तुम्ही टाका. जागा तुमची, मान तुमचा."

दामू म्हणाला, "छ्या छ्या. भवानी तुमचीच. मी कसा हात लावू?"

"असं कसं, पाहुण्यांसमोर—"

"नाय नाय, तुम्हीच."

सरांना आमच्या भिडस्तपणाचं फार कौतुक वाटलं असावं. ते उठले, म्हणाले, "मीच दाबतो," आणि दाबलं.

बार झाला. नळीत असा उजेड पेटला की पत्र्याच्या फटीतून बाहेर गेला. पडद्यावर रेघ वर चढली, मधोमध उलटी फिरली आणि स्वच्छ खाली उतरली. वसंता जी रेघ शोधत होता, ती हीच. कॅमेऱ्यात फोटोही आला. सर वाकून बघत राहिले. "हेच," ते म्हणाले. "हेच बघायला मी आलो होतो."

दामूनं माझा हात दाबला.

वसंता म्हणाला, "सर, हा पहिला आहे. पहिला आम्ही धरत नाही."

सर म्हणाले, "पण मी स्वतः दाबलाय."

"हो सर. पण हे रेषा जुळल्याचं आहे की ओलीचं, ते मला सांगता येणार नाही. पुढचे बघू."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वसंता, माल गिऱ्हाईकाला पसंत पडला तर दुकानदारानं नको म्हणू नये रे."

"अप्पा," वसंता म्हणाला, "काठी."

मी काठी घेतली आणि वीज उतरवली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या बाराला रेघ वाकडी आली. तिसऱ्याला त्याहून वाकडी. मग एका रांजणानं दम सोडला. वसंतानं तो बाजूला काढला, उरलेल्यांवर दिवे लागेपर्यंत बार टाकत राहिला. सरांनी शेवटी विचारलं, "मग आज मी काय लिहून घेऊ?"

"चांगला एकही नाही, सर," वसंता म्हणाला.

सर बाहेर जीपजवळ जाऊन उभे राहिले. दामूनं त्यांच्या हातात गार सोडा दिला. मीही मागोमाग गेलो. दामूला एकट्याला कसं सोडणार? सर बाटलीतल्या गोळीकडं बघत म्हणाले, "हा नेहमीच असा वागतो?"

दामू म्हणाला, "नेहमीच, साहेब. माझ्याकडंच राहतो, पर सोडा बेचव झाला तर तोंडावर सांगतो."

मी म्हणालो, "आमच्याकडे लहानपणापासून जेवतो, साहेब. आमटी खारट झाली तर आमच्या आईलाही सांगायचा."

सर हसले नाहीत. बाटली संपवून त्यांनी दामूला परत दिली. जीपमध्ये बसले. ड्रायव्हर पेटी उतरवायला मागं गेला, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे. मशीन इथंच राहील. पण पेटी मोकळी नेऊ नको, घाटात खडखड करते. काहीतरी भरून घे तिच्यात."

दामूनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. मग तो फॅक्टरीकडं पळाला आणि मी दुकानाकडं.

पेटीत त्याच्या लेमनच्या बाटल्या गेल्या दोन डझन आणि माझं जाड तांब्याचं घंगाळ एक. दामू आजही चारचौघांत सांगतो की पेटी त्यानं भरली. तुमच्यासमोर कधी हा विषय निघाला तर मेहेरबानी करून हिशेब सचोटीनं ठेवा. नग मोजू नका. वजन करा.